उंच कुंडीत खाली काय भरायचं?

हॉलमधली दोन-अडीच फुटी कुंडी पूर्ण मातीने भरू नका, एकतर ती जागची हलत नाही आणि स्नेक प्लांटची मुळं फार खोल जात नाहीत, मग खालची माती नुसती ओली राहून आंबते. विटांचे तुकडे टाकले की पाणी निघतं असं सगळे सांगतात पण तसं होत नाही हो, बारीक मातीतलं पाणी मोठ्या तुकड्यांत पटकन उतरतच नाही, वरच अडकतं, म्हणजे ओला थर उलट मुळांजवळ येतो. झाड भोकंवाल्या प्लास्टिकच्या कुंडीतच राहू द्या, उंच कुंडीत तळाला वजनासाठी एक वीट, वर बूच घट्ट लावलेल्या रिकाम्या बाटल्या, त्यावर ही कुंडी. पाणी घालायला बाथरूममध्ये न्या, पूर्ण निथळलं की परत आत.