प्रवासातली वाक्ये आणि पात्राने दडवलेले सत्य

प्रवासाची कथा लिहायला बसलेला नवा लेखक बहुधा मार्गापासून सुरुवात करतो: कुठून निघायचे, वाटेत काय लागेल, कुठे पोहोचायचे. माझ्या मते आपले पात्र स्वतःशीही कबूल करत नाही अशी गोष्ट कोणती, हे आधी एका ओळीत लिहून समोर ठेवावे आणि मगच त्याला घराबाहेर काढावे. घरात माणसाला लपायला पुष्कळ आडोसे असतात. हाताशी कामे असतात, सवयी असतात, बाजू घेणारी माणसे असतात. प्रवासात हे आडोसे सुटतात आणि तासन्‌तास एका जागी बसून राहणे तेवढे उरते, त्यामुळे दडवलेले बाहेर यायला दर वेळी वादळ किंवा अपघात योजावा लागत नाही.

समजा, एक बाई रात्रीच्या गाडीने आजारी भावाला भेटायला निघाली आहे आणि सहा वर्षांत दोघांचे बोलणे झालेले नाही. गाडी सुटताना तिच्या मनातले वाक्य असे लिहावे: ‘मुलांच्या परीक्षा, घर बदलण्याची धांदल, मग नवी नोकरी, या सगळ्यात त्याला फोन करायचा राहून गेला.’ हे वाक्य लांबते, कारणे गोळा करत जाते आणि शेवटी ‘राहून गेला’ या क्रियापदावर टेकते. इथे फोन जणू आपोआप राहिला. तो न करणारी व्यक्ती वाक्यात कुठेच नाही. पहाटे, उतरायला दोन स्थानके उरलेली असताना, तिच्या मनात एवढेच यावे: ‘मी फोन केला नाही.’ मधल्या शंभर पानांत जे घडायचे ते या दोन वाक्यांमधले अंतर कापण्यासाठी घडावे.

मराठीत अशी साधने भरपूर आहेत आणि ती जाणून वापरावीत. ‘पेला फुटला’ आणि ‘मी पेला फोडला’ यांत घटना एकच असली, तरी पहिल्या वाक्यात बोलणारा निसटतो आणि दुसऱ्यात सापडतो. उठून, आवरून, कुलूप लावून, निघून अशी ‘ऊन’कारान्त रूपांची साखळी लिहिली की पात्र विचार टाळण्यासाठी हात चालवत आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. क्रियापद शेवटी येत असल्यामुळे वाचकाला वाक्याच्या टोकापर्यंत अधांतरी ठेवता येते. मात्र सगळीच वाक्ये लांबवली, तर हा ताण राहत नाही. लांब वाक्य पात्र जिथे वळसा घालते तिथेच असावे.

पोहोचल्यावर काय, याचा विचार फार थोडे लेखक करतात, याचे मला वाईट वाटते. होमरच्या ‘ओडिसी’चे 24 सर्ग आहेत आणि नायक 13व्या सर्गातच आपल्या बेटावर पोहोचतो. उरलेला जवळजवळ निम्मा ग्रंथ तो कोण आहे हे इतरांना पटण्यात जातो. वृद्ध दाई त्याला पायावरच्या जुन्या व्रणावरून ओळखते. पत्नीला खात्री पटते ती जिवंत ऑलिव्ह वृक्षाच्या बुंध्यातून घडवलेल्या पलंगाचे गुपित त्याने सांगितल्यावर. तेव्हा मुक्काम गाठताच कथा आवरू नये. भावाच्या दारातली पहिली पाच मिनिटे सावकाश लिहावीत.

एकाच प्रवासात अनेक माणसे असतील, तर प्रत्येकाच्या वाक्याचा श्वास वेगळा हवा. विल्यम फॉकनरच्या 1930 सालच्या ‘अ‍ॅज आय ले डाइंग’मध्ये आईचे शव दफनासाठी दूर नेणाऱ्या कुटुंबाचा प्रवास 15 निवेदक सांगतात, आणि धाकट्या मुलाचे एक प्रकरण अवघ्या एका वाक्याचे आहे. त्या मुलाचे दुःख त्या आखूडपणातच कळते.

पहिला खर्डा झाला की तो मोठ्याने वाचावा आणि जिथे पात्र स्वतःबद्दल बोलते आहे, पण वाक्याला कर्ता नाही, अशा जागांवर पेन्सिलीने खूण करावी. मग प्रत्येक खुणेपाशी थांबून पाहावे की प्रवासाच्या या टप्प्यावर त्याने ‘मी’ म्हणायची वेळ आली आहे का. आली नसेल, तर ते वाक्य तसेच राहू द्यावे.