स्टूलची स्लाईड बघताना या चुका टाळा

मे महिन्यात इंदूरच्या उन्हात महूहून बसने हलत आलेली डबी, आत पातळ शौच, आणि आपण स्लाईड बघून बिनधास्त "नॉट सीन" (म्हणजे परजीवी दिसले नाहीत) लिहून मोकळे! ही सगळ्यात कॉमन चूक. पातळ सॅम्पल अर्ध्या तासाच्या आत बघायचं, नाहीतर ट्रोफोझोईट (अमिबासारख्या परजीवीचं हलतं रूप) हलायचे थांबतात, फुटतात, आणि मग हिस्टोलिटिका (आव पाडणारा अमिबा) कुठला आणि मॅक्रोफेज (आपल्याच शरीराची पेशी) कुठला हे भले भले सांगू शकत नाहीत. आणि पातळ सॅम्पल फ्रीजमध्ये टाकू नका, थंडीने ते मरतातच. घट्ट असेल तर मात्र फ्रीजच बरा, सिस्ट (परजीवीचं कवचातलं, न हलणारं रूप) आणि अंडी दिवसभर टिकतात. बाहेर दिवसभर राहिलं तर हुकवर्म या जंताच्या अंड्यातून लार्व्हा (अळी) निघतो आणि लोक स्ट्राँगायलॉइडिस हा दुसराच जंत लिहून टाकतात. लार्व्हाच्या तोंडाकडची पोकळी बघा, हुकवर्मची लांब असते, स्ट्राँगायलॉइडिसची आखूड.

आता माझीच फजिती सांगते. नवीन होते तेव्हा एक लांबुडकं, चमकदार काहीतरी दिसलं, मी लगेच लार्व्हा म्हणून ओरडले. ताईंनी डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हा झाडाचा केस आहे, आत आतडं दिसतंय का तुला? हलतोय का?" एक टोक तुटलेलं, मधून पोकळ नळी, भिंत जाड. पोहे-जीरावण (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) आणि भाजीपाला खाणाऱ्या गावात हे रोजचं आहे. हिवाळ्यात सराफ्यात (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात) गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाऊन आलेल्यांच्या स्लाईडमध्ये स्टार्चचे गोळे पण सिस्टसारखे फसवतात, आयोडीन टाकलं की निळे-काळे होतात, मग संशय जातो.

पण आधी आयोडीनच टाकलं तर ट्रोफोझोईट जागच्या जागी मरतात. म्हणून एकाच स्लाईडवर एकीकडे सलाईन, एकीकडे आयोडीन, आणि सलाईन आधी बघा. लुगोल (हेच आयोडीनचं द्रावण) जुना होऊन फिका पडला असेल तर फेका, न्यूक्लिअस दिसणार नाहीत आणि आपण डोळ्यांना दोष देत बसू. थर इतका पातळ हवा की खालच्या पेपरची अक्षरं वाचता यावीत. मायक्रोस्कोपचा कंडेन्सर (उजेड एकवटणारं भिंग) वर, डायफ्राम (उजेड कमी-जास्त करणारी झडप) सताड उघडा, असं ठेवलं तर सिस्ट उजेडातच हरवतात. डायफ्राम थोडा बंद करा. १० एक्स भिंगावर झिगझॅग पूर्ण कव्हरस्लिप, मग ४० एक्स.

नुसत्या अंदाजाने "गोल दिसतंय, अमिबा" हे नको, आयपीसमध्ये मायक्रोमीटर (मोजपट्टी) बसवून घ्या. हिस्टोलिटिकाची सिस्ट साधारण १० ते २० मायक्रॉन, न्यूक्लिअस जास्तीत जास्त ४. पाचवा दिसला की एन्टामिबा कोलाय, तो निरुपद्रवी अमिबा, चुकून हिस्टोलिटिका लिहिलं तर उगाच औषध सुरू होतं. ट्रोफोझोईटच्या पोटात लाल पेशी दिसल्या तरच नुसतं हिस्टोलिटिका लिहा, नाहीतर "हिस्टोलिटिका/डिस्पार" (डिस्पार हा निरुपद्रवी अमिबा), कारण दोघं दिसायला एकसारखे. आणि एका सॅम्पलमध्ये काही सापडलं नाही तर एकाआड एक दिवस अजून दोन मागवा, पेशंट कुरकुरला तरी.