बाइकच्या मागच्या चाकाची बेअरिंग घरीच बदलायची तर

40 च्या पुढे गेलो की मागून घुंऽऽ घुंऽऽ असा आवाज, स्पीड उतरला की आवाजही उतरतो, क्लच दाबला तरी चालूच. मला आधी वाटलं चेन वाजतेय, म्हणून चेनला ऑइल सोडलं, जरा टाइट केली आणि आठवडाभर तसाच फिरलो. चेनचा काही संबंध नव्हता. शेवटी गाडी डबल स्टँडवर घेतली, न्यूट्रल केली, मागचं चाक एका हाताने वर आणि एका हाताने खाली धरून आडवं हलवलं तर टक टक हाताला लागली.

इथे बरेच जण फसतात, कारण स्विंगआर्मचं (मागचं चाक धरून ठेवणारा, वरखाली हलणारा लोखंडी हात) बुश, म्हणजे सांध्यातली नळी, गेलं असेल तरी अशीच टकटक लागते. म्हणून कोणाला तरी स्विंगआर्म गच्च धरायला सांगा आणि मग चाक हलवा. स्विंगआर्म जागेवर आणि चाक एकटंच डुलतंय म्हणजे बेअरिंग. नंतर चाक जोरात फिरवून स्विंगआर्मवर हात ठेवा, जात्यात खडा आल्यासारखी घरघर हाताला कळते.

हे सगळं ड्रम ब्रेकवाल्या 100-125 सीसी बाइकचं सांगतोय. कारचं हब बेअरिंग हातोडीने घरी ठोकायच्या भानगडीत पडू नका, त्याला प्रेस लागतो.

सामान फार लागत नाही. पाने (एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या मधून आरपार जाणाऱ्या दांड्याच्या नटाला बहुतेक 17 किंवा 19 चा), हातोडी, फूटभर लांब लोखंडी सळई, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, रॉकेल, ग्रीस, फडकी आणि एक जुना टायर. टायर कशाला ते पुढे येईलच.

ब्रेक रॉडचा नट काढा, त्यामागची स्प्रिंग आणि पिन लगेच वाटीत टाका, नाहीतर अर्धा तास अंगणात शोधत बसाल. ब्रेक प्लेट धरून ठेवणारी पट्टी असते, तिच्या नटात कोटर पिन (नट सुटू नये म्हणून टोकं वळवून घातलेली पिन) असते, ती सरळ करून ओढायची. मग एक्सलचा नट, मग एक्सल. एक्सल ओढताना कुठल्या बाजूने कोणता कॉलर (एक्सलवरची जाड कडी) पडला त्याचा मोबाइलवर फोटो काढा, हे दोन मिनिटांचं काम जोडताना लई वाचवतं. बऱ्याच गाड्यांना चेन सॉकेट (चेन बसते ते दातेरी चाक) जागेवरच राहतं आणि चाक रबरांतून बाजूला सरकवलं की सुटतं, चेनला हातही लावावा लागत नाही. ब्रेक लायनरची काळी भुकटी तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आता चाक जुन्या टायरवर आडवं ठेवा, म्हणजे हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसते) जमिनीला टेकणार नाही आणि ठोकताना चाक हलणार नाही. डस्ट सील स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढा (हा नवाच टाकायचा, फार महाग नसतो). दोन बेअरिंगच्या मध्ये एक नळीसारखा डिस्टन्स पीस असतो. वरून सळई घालून तो किंचित बाजूला ढकलला की खालच्या बेअरिंगची आतली कड दिसते, तिच्यावर एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असं फिरून फिरून ठोकायचं. एकाच जागी मारत राहिलात तर बेअरिंग तिरपी होऊन अडकते आणि अॅल्युमिनियमच्या हबला आतून चरे पडतात. निघतच नसेल तर हबवर किटलीभर उकळतं पाणी ओता, अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, पकड ढिली होते. कधी कधी आतली रिंग आणि गोळ्या हातात येतात आणि बाहेरची रिंग हबमध्येच राहते. तेव्हा छिन्नी चालवण्यापेक्षा हब वेल्डिंगवाल्याकडे न्या. तो रिंगच्या आतून एक पातळ वेल्ड फिरवतो, थंड होताना रिंग आक्रसते आणि सहज निघते.

जुनी बेअरिंग पुसून तिच्यावरचा नंबर वाचा आणि तोच सांगून नवीन आणा. माझ्या गाडीत 6301 निघाली. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचे असतात, 00 म्हणजे 10 मिमी, 01 म्हणजे 12, 02 म्हणजे 15, 03 म्हणजे 17, आणि 04 पासून पुढे सरळ पाचने गुणायचं. म्हणजे 6301 ला 12 चं भोक, बाहेरून 37 आणि जाडी 12 मिमी. मागे 2आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड असेल तर पत्र्याची झाकणं. आपल्या पावसाळ्यात आणि वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या पाण्यात रबरी सीलवालीच घ्या. दोन्ही एकदम बदला, एक वाचवून काही मिळत नाही. फुटकळ दुकानातली डबीसुद्धा हुबेहूब असलेली डुप्लिकेट टाळा, सरळ बेअरिंगच्या दुकानात जा. एसकेएफचा कारखाना तर आपल्या चिंचवडलाच आहे, एनबीसी जयपूरची, दोन्ही चालतात. चेन सॉकेट ज्यावर बसतं त्या कॅरियरमध्ये वेगळी बेअरिंग असेल तर तीही फिरवून बघा, आणि रबरं चेपली असतील तर आत्ताच बदला.

बसवणं हाच खरा खेळ. नवीन बेअरिंग पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा (घरात आधी सांगून ठेवा, आमच्याकडे मटारच्या पिशवीशेजारी सापडल्यावर चौकशी झाली होती). हबची जागा रॉकेलने पुसून कोरडी करा, बोटाने ग्रीस फिरवा. बेअरिंग सरळ टेकवून तिच्यावर जुनी बेअरिंग ठेवा आणि ठोका. मार फक्त बाहेरच्या रिंगवर गेला पाहिजे. आतल्या रिंगवर मारलात तर तो धक्का गोळ्यांतून जातो, रिंगवर बारीक खड्डे पडतात आणि कोरी बेअरिंग महिनाभरात पुन्हा घुं घुं करायला लागते. जुनीची आतली रिंग नवीच्या आतल्या रिंगवर टेकत असेल तर ती ग्राइंडरवर थोडी घासून घ्या, किंवा बाहेरच्या रिंगच्या मापाचा सॉकेट पाना वापरा. ठक ठक चा टण् असा आवाज झाला की बेअरिंग तळाला बसली, थांबा.

आणि आता डिस्टन्स पीस. मी पहिल्यांदा हा विसरलो. दोन्ही बेअरिंग झकास बसवल्या, सील लावले, चहा प्यायलो आणि खाली बघतो तर नळी फडक्यावर पडलेली. पुन्हा ठोकून काढताना एक बेअरिंग गेली ती गेलीच. नळीशिवाय एक्सल टाइट केला तर आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि चाक जाम होतं. म्हणून एक बेअरिंग, मग नळी, मग दुसरी. दुसरी नळीला टेकेपर्यंतच ठोकायची, एक्सल मधूनमधून आरपार घालून नळी मधोमध आहे ना ते बघत राहायचं.

हबमध्ये नवी बेअरिंग हातानेच सरकत बसली तर जागा झिजलीय. मेकॅनिक तिथे पंचाने टोचे मारून देतात, चार दिवस चालतं. लेथवाल्याकडून बुश टाकून घेतलेला बरा.

चाक जोडताना ब्रेकची पट्टी विसरू नका, आणि नवीन कोटर पिन टाका. ती पट्टी सुटी राहिली तर ब्रेक मारल्यावर अख्खी प्लेट फिरते आणि चाक लॉक होतं, रस्त्यावर सरळ आडवे पडाल. एक्सलचा नट घट्ट करताना चेन अॅडजस्टरच्या खुणा दोन्हीकडे सारख्या ठेवा.

पाच-सहा किलोमीटर ब्रेक कमी वापरत चक्कर मारून या आणि हबला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल तर ब्रेक धरलाय का ते आधी बघा, तो मोकळा असेल तर चाक पुन्हा काढा, दुसरी बेअरिंग नळीवर जास्त ठोकली गेली असणार.