मुलांच्या संस्थेला नफ्यातून देणगी देण्याआधी: कलम ४१चा कागद आधी, बाकी मग

आधी रक्कम ठरवा, संस्था नंतर. आणि ती नफ्यावर ठरवा. ‘विक्रीचा एक टक्का मुलांसाठी’ असं पाटीवर छान दिसतं, पण शंभराच्या विक्रीत आठ रुपये सुटत असतील तर तो एक रुपया म्हणजे नफ्याचा आठवा हिस्सा. मंदीच्या तिमाहीत तो भांडवलातून जातो, मग वचन गुपचूप मोडलं जातं. संस्थेला दरमहा पगार करायचे असतात, त्यामुळे ठरलेली छोटी रक्कम तिच्या जास्त कामाची. सीएसआरचा, म्हणजे मोठ्या कंपन्यांवरच्या सामाजिक खर्चाच्या सक्तीचा, बाऊ करू नका. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी काहीच नसलेल्या धंद्याला त्याचं बंधन नाही.

आता संस्था. पहिला प्रश्न एकच: मुलं तिथे राहतात का? अभ्यासिका, खेळाचं केंद्र, फिरतं वाचनालय असेल तर पुढचे दोन-तीन परिच्छेद सोडा. निराधार, हरवलेली, घरातून निघालेली मुलं तिथे राहत असतील, तर बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ४१खालचं नोंदणी प्रमाणपत्र मागा. ८०जीच्या, म्हणजे करवजावटीच्या कागदाच्या, आधी. वार्षिक अहवाल, चकचकीत पुस्तिका, ‘एकदा भेट तर द्या’ या सगळ्याच्या आधी.

हा कागद सुटतो कारण आपला सीए ८०जी मागतो आणि आपण तेवढंच मागतो. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी सांगते की न्यास अस्तित्वात आहे. १२एबी सांगते की त्याच्या उत्पन्नाला करमाफी आहे. ८०जी सांगते की देणगीदाराला वजावट मिळू शकते. मुलं ठेवायची परवानगी यांतला एकही कागद देत नाही. ती फक्त कलम ४१. तिन्ही कागद चोख असलेल्या संस्थेचं बालगृह विनानोंदणी असू शकतं, आणि त्याला कलम ४२खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अशा ठिकाणची मुलं दुसरीकडे हलवली जातात आणि तुमच्या पैशांतून घेतलेले पलंग रिकाम्या खोल्यांत राहतात.

प्रमाणपत्र ‘आहे’ म्हणून भागत नाही, प्रत घ्या आणि वाचा. पत्ता बघा: न्यासाच्या दोन इमारती असतात, नोंदणी एकीची, आणि आपल्याला दाखवली जाते दुसरी. प्रकार बघा: बालगृह, खुले निवारागृह की विशेष दत्तक संस्था. मुलांचं की मुलींचं, मंजूर संख्या किती. पन्नासची मंजुरी आणि पानं वाढली ऐंशी, तर विचारा. शेवटी मुदत बघा. नोंदणी पाच वर्षांची असते. तात्पुरती असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांची. ‘अर्ज केलाय, येईलच’ हे उत्तर मिळालं तर पोचपावतीवरची तारीख बघा. महिन्याभरात प्रमाणपत्र आलं नाही तर ती पोच तात्पुरती नोंदणी धरली जाते, तीही जास्तीत जास्त सहा महिने. दोन वर्षांपूर्वीची पोच फाइलमध्ये लावून काही उपयोग नाही.

आणि पडताळा बाहेरून घ्या. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात फोन करा, संस्थेचं नाव आणि पत्ता सांगा, कलम ४१खाली नोंदणी चालू आहे का एवढंच विचारा. लाजायचं काही कारण नाही. संस्थेला मात्र विचारा की तपासणी समिती शेवटची कधी येऊन गेली. कलम ५४प्रमाणे ती तीन महिन्यांतून एकदा तरी यायला हवी, म्हणजे ‘आठवत नाही’ हे उत्तर वाईट. मुलं येतात कुठून, हेही विचारा. बरोबर उत्तर: बालकल्याण समितीच्या, म्हणजे अशा मुलांना कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या सरकारी समितीच्या, आदेशाने. ‘आम्हीच स्टेशनवरून आणतो, आपलीच लेकरं’ हे ऐकायला गोड आहे, पण सापडलेलं मूल २४ तासांत याच समितीपुढे न्यावं लागतं. आणि कोणी बोलता बोलता ‘मूल हवं असेल तर बघू’ म्हणालं, तर तिथून उठा.

पुन्हा सांगतो, हा कागद हातात येईपर्यंत पैसे नाहीत. टोकन म्हणूनही नाहीत.

बाकीचे कागद पटकन. पॅन. ८०जीचा आदेश: तात्पुरता असेल तर तीन वर्षांपर्यंत, नियमित असेल तर पाच, शेवटची तारीख बघा. धर्मादाय कार्यालयात विश्वस्तांचे बदल अहवाल दाखल आहेत का. नसतील तर कागदोपत्री विश्वस्त एक आणि सह्या करणारे दुसरे, असा घोळ सापडतो. स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलवरचा क्रमांक असावा, पण तिथली माहिती संस्थेनेच भरलेली असते, त्याला शिफारस समजू नका.

तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा. वर्षाचा खर्च भागिले मुलांची संख्या, एवढा भागाकार करा. आकडा फार मोठा निघाला तर कारण विचारा, फार लहान निघाला तर जास्त कसून विचारा, कारण मुलं एवढ्यात वाढत नाहीत. काळजीवाहक आणि समुपदेशक यांचे पगार बघून नाक मुरडू नका. मुलांच्या संस्थेत माणसं हाच मुख्य खर्च असतो, आणि पगार जवळजवळ शून्य दिसले तर रात्री मुलांजवळ कोण झोपतं, हा प्रश्न विचारायलाच हवा.

कराचं गणित. नव्या करप्रणालीत ८०जीची वजावटच नाही, आणि आता ती आपोआप लागू होणारी प्रणाली आहे. धंद्याचं उत्पन्न असलेल्याने जुनीत जाऊन परत नवीत यायचं तर ते एकदाच जमतं, तेव्हा एका देणगीसाठी प्रणाली बदलू नका. भागीदारी फर्मला ही नवी-जुनी भानगड नाही. वजावट बहुतेक संस्थांच्या बाबतीत रकमेच्या ५० टक्के, तीही समायोजित एकूण उत्पन्नाच्या (ते सीए काढून देईल) १० टक्क्यांच्या मर्यादेत. देणगी धंद्याचा खर्च म्हणून नफा-तोटा पत्रकात घुसडू नका. (१ एप्रिल २०२६पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, बोलण्यात अजून ८०जीच आहे.)

देताना: २,००० रुपयांवर रोख दिलेत तर वजावट गेली. वस्तू दिल्यात तरी वजावट नाही, आणि दुकानातला माल फुकट दिलात तर त्यावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) उलटवावं लागतं. हे लोक हमखास विसरतात. पैसे न्यासाच्या नावाच्या खात्यात, विश्वस्ताच्या मोबाइल नंबरवर यूपीआय नाही. संकेतस्थळावर दोन खाती असली तर दिल्लीतलं स्टेट बँकेचं खातं परदेशी देणग्यांचं असतं, तिथे आपले रुपये टाकू नका. फर्म देत असेल तर फर्मचं खातं आणि फर्मचंच पॅन. पॅन कळवलं नाही किंवा चुकलं तर संस्था आयकर खात्याला देते त्या देणगीदारांच्या १०बीडी विवरणात तुमची नोंद नीट येत नाही, आणि त्यावरून निघणाऱ्या १०बीई देणगी प्रमाणपत्राशिवाय साधी पावती कराच्या कामाची नाही. ते ३१ मेपर्यंत यायला हवं. जूनमध्ये आठवण करा.

काउंटरवर डबा ठेवलात तर तो पैसा ग्राहकांचा. वेगळा हिशेब, संस्थेचं लेखी अधिकारपत्र, तुमची वजावट नाही.

फोटो नकोत. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४प्रमाणे अशा मुलांचं नाव, शाळा, चित्र, ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यवस्थापक ‘काढा हो, चालतं’ म्हणाले तरी. इमारतीचा काढा.

पहिलं वर्ष तिमाही हप्ते, सोबत एका पानाचं पत्र: रक्कम, कशासाठी, हिशेब कधी. वर्षाअखेरीला ८०जीची तारीख बघा. आणि कलम ४१ची मुदत संपायच्या तीन महिने आधी फोनमध्ये आठवण लावा. नूतनीकरणाच्या अर्जाची पोच बघितल्याशिवाय पुढचा हप्ता सोडू नका.