चार्टवरच्या मर्यादा ड्रॉइंगमधून येत नाहीत

सीएनसी लेथवर २५ मिमी व्यासाचा शाफ्ट निघतोय, टॉलरन्स (ड्रॉइंगवर दिलेली मापातल्या फरकाची मुभा) ±०.०२० मिमी. सरासरी-रेंज चार्ट (ठरावीक वेळाने मोजलेल्या गटाची सरासरी आणि त्यातला फरक, म्हणजे रेंज, दाखवणारा आलेख) लावण्याआधी मायक्रोमीटर बघा. लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वांत लहान माप) ०.०१ असेल तर रेंज ०, ०.०१, ०.०२ अशा उड्या मारते आणि चार्ट वाया जातो. ०.००१ चाच घ्या. जॉब (मशीनवर बनलेला नग) थंड होऊ द्या. १० अंशांनी गरम असलेला पोलादी शाफ्ट सुमारे ०.००३ मिमी जाड भरतो.

दर तासाला सलग निघालेले ५ जॉब मोजून सरासरी आणि रेंज (सर्वांत मोठं वजा सर्वांत लहान) लिहा. असे २५ गट जमवा. दोन मशीनचे जॉब एका गटात घालू नका: रेंज फुगते, मर्यादा रुंदावतात आणि सगळे बिंदू मधल्या रेषेला चिकटतात. चार्ट फारच देखणा दिसला, तर आधी हाच संशय घ्यावा.

समजा, एकूण सरासरी २५.००४ आणि सरासरी रेंज ०.०१० आली. सरासरी रेंजला गुणायचा पाचच्या गटाचा ठरलेला गुणक ०.५७७, म्हणजे मर्यादा २५.००४ ± ०.००५८: वरची २५.००९८, खालची २४.९९८२. रेंजची वरची मर्यादा २.११४ × ०.०१० = ०.०२१, खालची शून्य. रेंजचा चार्ट आधी वाचा. तोच मर्यादेबाहेर गेला असेल तर सरासरीच्या मर्यादांवर विसंबता येत नाही.

या चार्टवर टॉलरन्सच्या रेषा मात्र मारू नका. सरासरी २५.०१५ म्हणजे 'मापात आहे' असं वाटतं, पण त्याच गटातला एखादा जॉब २५.०२२ चा असू शकतो.

मर्यादेबाहेर एक बिंदू, मधल्या रेषेच्या एकाच बाजूला सलग ८ किंवा सलग ६ चढते किंवा सलग ६ उतरते दिसले की कारण शोधा. बाहेरच्या टर्निंगमध्ये व्यास हळूहळू चढतोय? बहुधा इन्सर्ट (हत्याराचं बदलता येणारं कापणारं टोक) झिजतोय. एकदम उडी असेल तर इन्सर्ट बदलल्यावर दिलेला ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली हत्याराच्या जागेची दुरुस्ती) तपासा. नुसती रेंज वाढली तर चकची (जॉब धरणाऱ्या भागाची) पकड बघा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते प्रत्येक जॉबमागे ऑफसेट हलवण्यानं. एक जॉब ०.००४ वर गेला म्हणून तेवढंच खाली आणलं, तर मशीनच्या नैसर्गिक चढउतारात आपली भर पडते. मापातला फरक घटण्याऐवजी सुमारे १.४ पट होतो. बिंदू आत आणि क्रम साधा असेल तर ऑफसेटला हात लावू नका. लावलाच, तर वेळ आणि कारण त्याच बिंदूशेजारी लिहा.