संगणक बंद पडला? दुकानात नेण्याआधी घरीच एवढं तपासा

ग्वाल्हेरात मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांवर जातो, लू सुटते आणि खिडक्या कितीही लावल्या तरी धुळीचा थर घरात येतोच. याच दिवसांत लष्कर भागातल्या आपल्या मराठी घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते: संगणक चालता चालता आपोआप बंद होतो. मग सीपीयू स्कूटरवर घालून दुकानात नेतात आणि तिथे पहिला प्रश्न येतो, "फॉर्मेट मार दें?"

इथे लगेच हो म्हणू नका. फॉरमॅट म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसून विंडोज नव्याने टाकणं. तापल्यामुळे बंद पडणारं यंत्र फॉरमॅटनंतरही बंदच पडणार. नातवंडांचे फोटो, मंडळाचे हिशेब आणि आजोबांनी टाइप केलेल्या आठवणी मात्र हकनाक जातील. म्हणून यंत्र चालू होत असेल तर दुरुस्तीच्या आधी पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर सगळ्या कामाच्या फाइली उतरवून घ्या. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर बिघाड कशात होता ते कधीच कळत नाही.

सुरूच होत नसेल तर

आधी भिंतीचा सॉकेट तपासा. त्यातच टेबल लॅम्प लावून बघा. तो लागला तर पुढची पायरी यूपीएसची. संगणकाची वायर यूपीएसमधून काढून थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. आता सुरू झाला, तर दोष यूपीएसचा आहे आणि बहुतेक वेळा त्याच्या बॅटरीचा. ही बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं टिकते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी. वीज जाताच यूपीएस क्षणात मान टाकत असेल, तर फक्त बॅटरी बदलून भागतं. आख्खा यूपीएस नवा घ्यायची गरज नसते.

सीपीयूच्या मागे, वायर घुसते तिथे एक छोटं बटण असतं. साफसफाईत ते चुकून दाबलं जातं, तेही बघा.

पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, असं असेल तर मॉनिटरची केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवा. तरी काही दिसत नसेल किंवा आतून बीप-बीप आवाज येत असेल, तर संशय रॅमवर, म्हणजे आतल्या मेमरीच्या लांबट पट्टीवर घ्या. प्लग पूर्ण काढा, मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. बाजूचं झाकण उघडा, रॅमच्या टोकांच्या खिट्ट्या बाजूला करून पट्टी वर काढा. तिची सोनेरी कड पेन्सिलच्या स्वच्छ खोडरबराने हलक्या हाताने पुसा, भुसा झटका आणि 'टक्' आवाज येईपर्यंत पट्टी परत बसवा. हा उपाय दुकानातही करतात आणि तो खरोखर लागू पडतो. लॅपटॉप मात्र उघडू नका. त्याचा चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग चार्जर लावून सुरू करा.

सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर काम आधी थांबवा. जुन्या वाड्यांत अर्थिंग नीट नसतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून ते करून घ्या आणि तीन पिनांचा प्लग अडॅप्टर लावून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घालू नका. यात चालढकल नको, हा जिवाशी खेळ आहे.

चालता चालता बंद पडत असेल तर

सकाळी बरा चालतो, दुपारी पंधरा-वीस मिनिटांत बंद. पंख्याचा आवाज मोठा. मागून येणारी हवा कढत. ही तापल्याची लक्षणं आहेत. प्रोसेसर, म्हणजे आतली मुख्य चिप, शंभर अंशांच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होतं.

प्लग काढून सीपीयू अंगणात किंवा गच्चीत न्या. झाकण उघडून मऊ ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढा. ब्लोअर मारताना आतला पंखा बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने तो भरमसाट वेगात फिरला तर खराब होऊ शकतो. ओलं फडकं आत अजिबात नको. जागेवर परत ठेवताना भिंतीपासून वीतभर अंतर सोडा आणि टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नका.

कूलरबद्दल मुद्दाम सांगायला हवं. गार हवा मिळावी म्हणून बरेच जण संगणक कूलरच्या थेट झोतात ठेवतात. ती हवा गार असते तशीच दमटही असते. दमटपणा आणि धूळ एकत्र आली की पंख्यावर आणि आतल्या पट्ट्यांवर चिकट लेप बसतो. खोली गार करा, पण यंत्र झोताच्या बाजूला ठेवा. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नका, खालचे झरोके बंद होतात.

साफ करूनही बंद पडत असेल, तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर पोचवणारा लेप) सुकली असण्याची शक्यता आहे. ती दुकानातच बदलून घ्या. त्यासाठी फॉरमॅट लागत नाही.

फार हळू चालत असेल तर

'शटडाउन' ऐवजी एकदा 'रीस्टार्ट' करा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावरही जुनी अवस्था काही अंशी साठवलेली राहते. रीस्टार्टने ती पूर्ण जाते. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. तिथे 'स्टार्टअप' मध्ये जाऊन, सुरू होताना आपोआप उघडणारी पण तुम्ही न वापरणारी ॲप बंद करा. अँटिव्हायरसला हात लावू नका. सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर डाउनलोड फोल्डर आणि रीसायकल बिन रिकामे करा.

जुनी हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवण्याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. पण डिस्कमधून 'टिक टिक' आवाज येत असेल तर बाकी सगळं सोडा आणि आधी फाइली उतरवा.

घड्याळ रोज मागे जातं आणि बँकेची साइट "सुरक्षित नाही" म्हणते? मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणसेल बदला आणि तारीख-वेळ नीट लावा.

वायफाय अडकत असेल तर राउटर बंद करून मिनिटभराने लावा. दगडी भिंतींच्या घरात ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क पलीकडच्या खोलीत पोचत नाही, तिथे २.४ चं निवडा.

मराठी अक्षरं बिघडली असतील तर

नव्या संगणकावर जुनी मराठी फाइल उघडली आणि सगळा इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला, तर ती फाइल खराब झाली म्हणून पुसू नका. ती श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते आणि तो फॉन्ट नव्या यंत्रात नसतो. तोच फॉन्ट टाकला की मजकूर जसाच्या तसा दिसतो. मग कन्व्हर्टरने त्याचं युनिकोड (सगळ्या यंत्रांवर सारखंच दिसणारं रूप) करून ठेवा, म्हणजे फोनवरही वाचता येईल. जोडाक्षरं आणि रफार मात्र डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच होतात. पुढचं टायपिंग युनिकोडमध्येच करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडा, की विंडोज की आणि स्पेसबार दाबून कीबोर्ड बदलता येतो.

पडद्यावर फोन नंबर आला तर

"तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" ही पाटी फसवणुकीची असते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. फोन करू नका, ब्राउझर टास्क मॅनेजरमधून बंद करा. कोणी सांगतं म्हणून रिमोटचं ॲप (दुसऱ्याला लांबून तुमचा संगणक चालवू देणारं) टाकू नका. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. घरातल्या ज्येष्ठांना हा नंबर कागदावर लिहून द्या.

दुकानात न्यावंच लागलं तर

बिघाड कधी होतो, त्याआधी काय केलं होतं आणि घरी काय तपासलं, हे चिठ्ठीवर लिहून सीपीयूला चिकटवा. "विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये" हे त्याच चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहा. डिस्क बदलली तर जुनी डिस्क मागून घरी आणा.