ऑक्टोबर हीटमधलं पित्त, मला काय लागू पडलं
दरवर्षी पाऊस सरला की माझं पित्त खवळायचंच, आंबट ढेकर, डोकं ठणकणं, रात्री जळजळ. आयुर्वेदात शरद ऋतू हाच पित्तप्रकोपाचा काळ, पावसाळ्यात साठलेलं पित्त उन्हाने उसळतं म्हणे, त्यामुळे वैद्यांनी आधी जेवणच बदललं, आंबट-खारट-तिखट कमी आणि गोड, कडू, तुरट जास्त. म्हणजे ठेचा, लोणचं बंद, दहीसुद्धा बंद (हे फार जड गेलं बुवा!), त्याऐवजी मुगाचं वरण, तूप-भात, दुधी, पडवळ, आणि सकाळी रात्रभर भिजवलेल्या धण्यांचं पाणी गाळून. उपाशीपोटी चहा नाही, जागरण नाही, दुपारची झोप नाही. जळजळ बरीच थांबली, डोकेदुखी मात्र अजून कधीमधी होते. आणि हो, छातीत दुखत असेल तर धण्याचं पाणी पीत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा.